बेहड्याच्या खोडाआडचा हात

“दिन्या, त्याला खाली उतरव! आधी त्याला खाली उतरव!”

ओरडत होता आमचा जनूदादा. जमिनीपासून दोन मजले वर, बेहड्याच्या खोडाला पालीसारखा चिकटलेला. आणि खाली मी… एका हातात त्याच्या दोरीचं टोक, दुसऱ्या हातात कलिंगडाची फोड.

“कोणाला उतरवू?”

“ह्याला! पलीकडं लटकलाय त्याला! तुला दिसत नाय?”

मी झाडाला फेरी मारली. कलिंगड टाकलं आणि परत फेरी मारली. वर दादाचे बूट, दादाचा पट्टा, दादाचं बूड. पलीकडे खोड. नुसतं खोड, भर दुपारच्या उन्हात, मुंगळ्यांसकट.

“दादा, कोण नाय रे!”

“मग हा ठोकतोय कोण?”

थांबा. पुढचं सांगण्याआधी माझी ओळख करून देतो, नाहीतर या धाग्यावर तुम्ही म्हणाल, आला अजून एक भुताटकीवाला. माझं पनवेलला एसटी स्टँडच्या मागे फ्लेक्सचं दुकान आहे. आमच्या धंद्यात दहावीला तीनदा बसलेल्या माणसाला ‘शिक्षणमहर्षी’ छापावं लागतं आणि ज्याला घरात कोणी पाणी विचारत नाही त्याला ‘जनतेचे आशास्थान’. हे रोज करणाऱ्याचा भुतावरच काय, कशावरच विश्वास राहत नाही. अमावस्येला स्मशानाच्या भिंतीवर एकट्याने बॅनर लावलाय मी. वाढदिवसाचा.

आता गावात मला थापाड्या म्हणतात, हे कोणीतरी प्रतिसादात टाकणारच, म्हणून मीच टाकतो. खाडीत मी एकदा जिताडा धरला होता. तो दर वर्षी वीतभर वाढतो, हेही खरं. माझा मासा, मी वाढवीन. पण आज सांगतोय त्यात बोटभरसुद्धा वाढवलेलं नाही. वाढवायला जागाच उरलेली नाही.

तर आमचा सुरेश. सुऱ्या. जनूदादाचा सख्खा धाकटा भाऊ, माझा चुलतभाऊ, आणि दुकानात माझा भागीदार. मी छापायचो आणि दोघं मिळून लावायचो. हायवेच्या होर्डिंगवर मी एका टोकाला, तो दुसऱ्या टोकाला, मध्ये ढोलासारखा फुगलेला फ्लेक्स. एकमेकांचं तोंड दिसत नाही, आणि खाली ट्रकांचा असा गोंगाट की स्वतःच्या आईला हाक मारली तरी आपल्यालाच ऐकू यायची नाही. म्हणून आमची खूण ठरलेली होती. सरकायच्या आधी पक्कडीने लोखंडी सांगाड्यावर दोनदा ठोकायचं. टक्‌-टक्‌. मी सरकतोय, तूही सरक. एकदाच ठोकलं तर थांब, आहेस तिथेच राहा. कारण एक सरकला आणि दुसरा नाही सरकला तर फ्लेक्समध्ये वारा भरतो, आणि माणूस पतंगासारखा थेट कळंबोलीत जाऊन पडतो.

ही खूण आमच्या हाडात गेली होती. मी आजही जेवून उठताना हातात चमचा असला तर ताटावर दोनदा वाजवतो. बायको म्हणते, “वेटरला बोलावताय काय?”

सुऱ्याच्या उजव्या हाताची करंगळी अर्धीच होती. लहानपणी गावच्या भातगिरणीच्या पट्ट्यात गेली. त्या अर्ध्या करंगळीने तो कान खाजवायचा आणि म्हणायचा, “बघ, देवानं मापात करून दिलीय.”

एका मे महिन्यात, दुपारी जेवला, “आलोच,” म्हणाला आणि गेला. तो गेलाच.

संध्याकाळी त्याच्या चपला सापडल्या. आमच्या शेताच्या बांधावर, बेहड्याच्या बुंध्याशी. ते झाड राखणदाराचं. म्हणजे शेताची राखण करतो त्याचं. पेरणीच्या आधी तिथे नारळ आणि कोंबडा ठरलेला. त्या झाडावर कोणी चढत नाही, आणि चढायची वेळ आलीच तर पायताण खाली काढून. सुऱ्याच्या चपला ओळीने ठेवलेल्या होत्या, देवळाबाहेर ठेवतात तशा. म्हणजे चढला. पण चढला कसा? दोन मजले सरळ खोड, धरायला फांदी नाही. आणि चढला तर उतरला कुठे?

पोलिसांनी कपाळावर हात धरून खालून वर पाहिलं. आम्ही विहिरी उपसल्या, खाडी पालथी घातली, पनवेलपासून पेणपर्यंत एक हॉस्पिटल सोडलं नाही. ‘बेपत्ता’चा फ्लेक्स मीच छापला. हसरा फोटो, अंगात निळा शर्ट. आयुष्यात तेवढ्या एकाच फ्लेक्सवर मी एकसुद्धा विशेषण टाकलं नाही.

काकीचं, म्हणजे सुऱ्याच्या आईचं, तेव्हापासून सगळं मधेच अडकलं. सर्वपित्रीला घरात पानं वाढतात, आजोबांचं, काकांचं. दर वर्षी कोणीतरी हळूच विचारायचं, सुऱ्याचं वाढायचं का? की काकी उसळायची.

“जित्या पोराला पान वाढशील तं हात तोडीन!”

पण गणपतीत सगळ्यांना नवे कपडे घेतले तरी त्याला घ्यायची नाही. “आला की घेऊ.” मेला म्हणायचं नाही, आणि आहे असंही धरायचं नाही. सात-आठ वर्षं अशी गेली. म्हातारी अर्ध्या उघड्या दारात उभी असल्यासारखी जगत होती.

मग प्रकल्प आला आणि गाव उठायचं ठरलं. गावाचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, आता तिथे सपाट मुरूम आहे. लोक नव्या पनवेलला, करंजाड्याला, मिळेल तिथे गेले. घरांची दारं-खिडक्या, चौकटी टेम्पोत चढल्या. काकी हलेना.

“तो हितं येईल. नव्या पनवेलचा पत्ता त्याला कोन देल? तू?”

“मी फ्लेक्स लावीन की काकी, गावाच्या वेशीवर.”

“वेसच कुठं ठेवलीय मेल्यांनी!”

मी जाऊन शेजाऱ्यांची चौकट टेम्पोत चढवायला हात लावला.

जनूदादा बोटीवर असतो, फिटर. त्या उन्हाळ्यात सुट्टीवर आला तो अमेरिकेतून एक भलतंच सामान घेऊन. मला वाटलं माझ्यासाठी अत्तर, चॉकलेट. बॅग उघडली तर पट्टे, दोऱ्या, लोखंडी कड्या, आणि जेवायला बसायच्या पाटाएवढी एक ॲल्युमिनियमची फळी.

“हे काय? घोड्याचं सामान?”

“झाडावर बसायचं सामान.”

तिकडे म्हणे शिकारी हे घालून झाडावर बसतात. बुडाखाली झोळीसारखा रुंद पट्टा. त्या पट्ट्यातून निघालेली दोरी खोडाला वळसा घालून बांधायची. फळी खोडाला आवळायची, तिच्यावर पाय रोवायचे आणि मागे रेलायचं. दोरी तुम्हाला धरते, दोन्ही हात मोकळे. फळीच्या दोन्ही अंगांनी खोडाभोवती पायऱ्यांचं एक कडं आवळलेलं असतं, बांगडीसारखं. त्या पायऱ्यांवर पाय टाकत, दोरी सरकवत, झाडाच्या भोवती पूर्ण फिरता येतं. गंमत अशी की हरीण इकडून आलं की तुम्ही खोडाच्या तिकडे सरकायचं, ते फिरलं की तुम्ही फिरायचं. खोड सतत दोघांच्या मधे. हरणाला शेवटपर्यंत कळत नाही.

“दादा, इथे हरणाकडे बोट दाखवलंस तरी आत घालतील.”

“हरीण कोनाला पायजे?” तो म्हणाला. “ते झाड पुढच्या आठवड्यात तोडणार. तेच्या आधी मना ते सगळं बघायचंय. सगळ्या बाजूंनी, वीत-वीत. ढोली असेल, काय अडकलेलं असेल… शर्टाचा तुकडा, हाड, काय पण. आयेला काहीतरी नेऊन दाखवतो. मेला असेल तर पान वाढू, रडू आणि मोकळे होऊ. ती त्याच्याबिगर घर सोडणार नाय, आणि घर तर चाललंय.”

म्हणून आम्ही त्या दुपारी बेहड्याखाली होतो. मी म्हटलं, दादा, बूट काढ, राखणदाराचं झाड आहे. तो म्हणाला, “बोटीवर अनवाणी चढलो तर कॅप्टन घरी पाठवील,” आणि चढला. खोडाला टप्प्याटप्प्याने पायऱ्या बांधत गेला, वर फळी आवळली, कडं आवळलं, आणि फिरायला लागला. पहिली फेरी शांतपणे झाली. दुसऱ्या फेरीला ते ओरडणं सुरू झालं.

“कसं ठोकतोय?” मी खालून विचारलं.

“टक्‌-टक्‌! मी सरकायच्या आधी. मग मी सरकलो की तो पन सरकतो. मी डावीकडं, तो पन डावीकडं. थांबलो की थांबतो. बाजूला वाकलो तरी दिसत नाय, खोड मधे येतं!”

माझ्या तोंडातली कलिंगडाची बी तशीच गिळली गेली.

कारण जनूदादाला ती खूण माहीत असायचं काही कारणच नव्हतं. तो वर्षातले नऊ महिने पाण्यावर. आणि आम्ही ती कधी कोणाला सांगितली नव्हती. लपवायची म्हणून नाही, सांगण्यासारखं त्यात होतं काय? दोन माणसं लोखंडावर पक्कड आपटतात, यात काय मोठं गुपित.

दादा फिरत राहिला. डावीकडून, उजवीकडून, मधेच फसवून उलटा. मी खालून बघत होतो. एक माणूस झाडाभोवती स्वतःचाच पाठलाग करतोय असं दिसत होतं. दमला तेव्हा उतरला. शर्ट पिळून घ्यावा इतका भिजलेला.

“दोरी वढली जाते रे,” तो म्हणाला. “झोपाळ्याच्या दुसऱ्या टोकाला कोन बसलं की कळतं ना आपल्याला? तशी.”

तेवढ्यात काकी आली, जेवणाचा डबा घेऊन. तिने पोराच्या तोंडाकडे पाहिलं.

“काय दिसला?”

“काय नाय गं आये.”

“मंग घाम का सुटलाय एवरा?”

“उन्हाचा.”

ती झाडाकडे बघत उभी राहिली. मग डबा खाली ठेवला आणि एवढंच म्हणाली, “भाकरी तीन हायत. एक राहिली तं हितंच रावंदे.” आम्ही माणसं दोन होतो.

ती गेल्यावर मी दादाला खुणेबद्दल सांगितलं. त्याने दोऱ्या गुंडाळल्या. मग म्हणाला, “उद्या तू पन वर.”

“मी? दादा, माझं वजन बघ. झाड बसेल खाली.”

“दोघं दोन बाजूंनी गेलो तर तिसऱ्याला जायला जागाच नाय. तोंड दाखवावंच लागेल.”

हिशोब बरोबर होता. मला आजपर्यंत त्या हिशोबात चूक सापडलेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळची न्याहरी झाली आणि आम्ही निघालो. गावात जेसीबी लागला होता, पाटलांच्या ओट्यापासून सुरुवात. दादाकडे जुना एक पट्टा होता, शिकताना वापरलेला. तो मला चढवला. हाताला त्याच्यासारखेच जाड ग्लव्हज दिले. मी म्हटलं, “हे कशाला? विकेटकीपर आहे का मी?” तो म्हणाला, “दोरी सरकली तर हाताची साल निघंल. काढायचे नाय, काय झालं तरी काढायचे नाय.” मी चपला काढल्या, ओळीने ठेवल्या… आणि ठेवल्यावर माझं मलाच कसंतरी झालं म्हणून एक लाथेने लांब उडवली.

चढताना मी काय काय बोललो ते इथे लिहिता येणार नाही, ॲडमिन काढून टाकतील. झाड माझ्या वजनाने असं करकरलं की मुंग्यासुद्धा दुसऱ्या झाडाची चौकशी करायला लागल्या असतील. वर पोचलो. समोर कर्नाळा किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका, अलीकडे आमचं गाव… अर्ध्या घरांना छपरं नव्हती. वरून बघितलं तर प्रत्येक घराच्या आतले रंग दिसत होते, पोपटी, निळा, गुलाबी. कोणाचं देवघर कुठे होतं तेसुद्धा. मी डोळे मिटून घेतले.

“डोळे उघड, भडव्या,” दादा म्हणाला. “मी डावीकडनं, तू उजवीकडनं. नजर खोडावर ठेव. पाय टाकल्याशिवाय दोरी सरकवू नको.”

त्याने मला कड्यावरून पलीकडच्या बाजूला धाडलं. आता खोड आमच्या मधे. मला फक्त त्याच्या दोरीचा पिवळा वळसा दिसत होता, तो मध्ये माणूस असल्यासारखा ताणलेला. तेवढ्यात जेसीबीने कोणाची तरी भिंत घेतली आणि असा आवाज सुरू झाला की पानं थरथरायला लागली. आमचं एकमेकांचं बोलणं संपलं.

मी एक पायरी सरकलो. साल माझ्या नाकापासून चार बोटांवर. उन्हाने तापलेली, राखाडी. आणि त्या गोंगाटात, खोडातून, कानाने नाही तर थेट दाताने ऐकू आल्यासारखं…

टक्‌-टक्‌.

मी सांगतो, मी घाबरलो नाही. शपथ घेऊन सांगतो. सात-आठ वर्षांनी कामावर गेल्यासारखं वाटलं. माझ्या पट्ट्याला एक मोकळी लोखंडी कडी लटकत होती. ती घेतली आणि खोडावर एकदाच ठोकली. टक्‌. थांब.

तो थांबला. कसं कळलं विचारू नका. होर्डिंगवर जसं कळायचं तसं.

मी अजून एक पायरी सरकलो. खोडाच्या कडेला, जिथून पलीकडची बाजू सुरू होते, तिथे हात दिसला. सालीवर टेकलेला, उघडा हात. मला वाटलं दादाचा. मग लक्षात आलं, दादाच्या हातात ग्लव्हज आहेत. आणि या हाताची करंगळी अर्धी होती.

मी धरला. तो हात मी धरला, लोकहो. मनगटाशी नाही, पंज्यात पंजा घालून, वर ओढून घेताना धरतात तसा. आणि त्याने पण धरला. घट्ट.

“सुऱ्या,” मी म्हणालो. “सुऱ्या, काकी घर सोडत नाय रे. चल खाली.”

फक्त एक पायरी उरली होती. एकच पाय टाकला असता तर तोंड दिसलं असतं. पाय टाकायला मी उचललाही होता.

आणि जेसीबी थांबला.

एकदम शांतता. त्या शांततेत दादाचा आवाज आला, खालून. झाडाच्या बुंध्यापासून.

“दिन्या! मी खाली आहे! खालच्या पायरीचा पट्टा सुटला होता, मी तुला हाका मारत उतरलो! वर कोणाशी बोलतोयस तू?”

खाली बघायला माणूस वळतो की नाही? मी वळलो. आणि अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर टाकताना, हाडात गेलेली सवय, माझ्या दुसऱ्या हातातल्या कडीने खोडावर आपोआप ठोकलं.

टक्‌-टक्‌.

मी सरकतोय, तूही सरक.

हात सुटला. कोणी झटकला नाही, ओढून घेतला नाही. इशारा मिळाल्यावर कामावरचा शहाणा माणूस जसा मुकाट पकड सोडतो आणि पुढे सरकतो, तसा तो माझ्या पंज्यातून निघाला.

त्यानंतर मी एकदा ठोकलं. थांब. परत एकदा. परत. कडी वाकेपर्यंत ठोकत राहिलो. दादा धापा टाकत वर आला, दोघांनी दोन्ही बाजूंनी झाडाला वेढा घातला, समोरासमोर आलो. मध्ये कोणी नाही. दादाच्या डोळ्यांत पाणी होतं की घाम, माहीत नाही.

“तोंड बघितलंस?”

“नाही.”

“एक पायरी होती ना रे?”

“हो.”

तो दोरी सरकवत उतरायला लागला. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

झाड तोडेपर्यंत आम्ही रोज चढलो. एकदा अनवाणी, एकदा बूट घालून, एकदा नारळ फोडून. मी ठोकून ठोकून खोडाला खळी पाडली. पलीकडून काही आलं नाही. मग करवतवाले आले. आम्ही दोघं तिथे उभे होतो. प्रत्येक ओंडका पडला की जाऊन बघायचो. ढोली नाही, पोकळी नाही, कपड्याचा धागा नाही. आतून अख्खं, भरीव, पिवळसर झाड. करवतवाला म्हणाला, “काय सोनं शोधताय काय शेठ?” दादा तिथून जो निघाला तो सरळ घरी जाऊन बॅग भरायला बसला. सुट्टी बाकी होती तरी बोटीवर गेला. हल्ली एक करार संपला की दुसरा घेतो, घरी येतच नाही. तो पट्टा आणि फळी माझ्या दुकानाच्या माळ्यावर आहेत.

आता तुम्ही जे प्रतिसाद देणार ते मी आधीच ऐकून झालोय. डॉक्टर म्हणाले ऊन लागलं. ठीक आहे, दोघांना लागलं, दोन वेगवेगळ्या दिवशी, एकाच तऱ्हेचं. एक मित्र म्हणाला सुतारपक्षी. तो दोनदाच ठोकून थांबतो आणि एकदा ठोकलं की ऐकतो, असा सुतारपक्षी मला दाखवा, मी दुकानावर त्याचा फ्लेक्स लावीन. कोणी म्हणतं, राखणदाराने पोराला कामाला ठेवलंय, झाड गेलं तशी त्याची नोकरीही गेली. हे सांगणारा हसत होता. मला त्यात हसण्यासारखं काही सापडलं नाही, कारण मग तो आता कुठे असेल?

काकीला शेवटी आणावंच लागलं. घराची भिंत पडायला लागली तेव्हा स्वतःहून उठली आणि टेम्पोत पुढे बसली, मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. नव्या पनवेलला तिसऱ्या मजल्यावर भाड्याची खोली. दादाने बजावलं होतं, आयेला यातलं काही सांगायचं नाही. पण सर्वपित्री जवळ आली, आणि माझ्या पोटात काही राहत नाही हे सगळ्या रायगड जिल्ह्याला माहीत आहे. एका सकाळी गेलो आणि सगळं सांगितलं. ती गॅलरीत बसून तांदूळ निवडत होती. खडे बाजूला काढत राहिली. माझा चहा कठड्यावर तसाच होता.

मी हाताचं सांगितलं, अर्ध्या करंगळीचं सांगितलं, तेव्हा तिने सूप खाली ठेवलं.

“तू धरलास तो हात?”

“धरला काकी. घट्ट.”

“हात गरम व्हता का गार?”

गरम म्हणालो तर ही मरेपर्यंत वाट बघणार. गार म्हणालो तर या सर्वपित्रीला पान पडणार, रडणार आणि कधीतरी झोप लागणार तिला. दोन्ही शब्द माझ्या तोंडात तयार होते. मी फ्लेक्सवाला माणूस, मला काय, कुठलाही छापला असता. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि मला कुठलाच छापता येईना.

“काकी, हातात ग्लव्हज होते गं माझ्या. जाड होते. काही कळलं नाही.”

तिने माझ्या हातांकडे पाहिलं, जरा वेळ पाहिलं. मग सूप परत मांडीवर घेतलं.

“च्या पी,” ती म्हणाली. “गार व्हतोय.”